फायबरची गाडी: पोचा येत नाही, तडा जातो

हा भाग ऐकायचा सोडून वाचत असाल, तर बहुतेक नेटवर्कनं दगा दिलाय. भामरागडच्या बाजूला राहणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. बोलताना जिथे अडखळलो ते इथे थोडं सरळ केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज गाडीच्या अंगाबद्दल बोलायचंय. इंजिन, गिअर, मायलेज वगैरे काही नाही. फक्त अंग. आणि तेही पत्र्याचं नाही, फायबरचं.

सुरुवात आपल्याच जंगलातून करू. ताडोब्याला गेला असाल तर जिप्सीत बसला असाल. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीनं जिप्सी आणली आणि ती २०१९ पर्यंत चालली. सफारीची जिप्सी उघडी असते, पण याच गाडीवर फायबरचा हार्डटॉप बसायचा. जुन्या जीपवरही लोक फायबरचे टॉप बसवून घ्यायचे. सफारीसाठी किंवा हौसेसाठी गाडी उघडी केली की तो टॉप कुठेतरी मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवला जातो. दोन पावसाळे, एक फांदी, एक गाय. मग कधीतरी गाडी विकायची वेळ येते, गिऱ्हाईक विचारतं "टॉप आहे का?", आणि टॉप बघितला तर कोपऱ्यातून हातभर चिरलेला. इथे नेहमीचा डेंटर हात वर करतो. त्याची चूक नाही. त्याची सगळी विद्या पत्र्याची आहे.

पत्र्याला पोचा येतो. पत्रा वाकलेला असतो. डेंटर आतून डॉली लावतो, बाहेरून हातोडी मारतो आणि त्याला परत जागेवर आणतो. फायबरला पोचा येतच नाही. ते एका हद्दीपर्यंत लवतं आणि सोडलं की परत येतं. हद्द ओलांडली की फाटतं. फाटलेल्या गोष्टीला ठोकून काय उपयोग? तिथे तंतू तुटलेत. नवे तंतू घालून जुन्याशी सांधायला लागतात. थोडक्यात, पत्र्याचं काम लोहाराच्या घराण्यातलं आणि फायबरचं काम रफूवाल्याच्या.

आता हे फायबर आलं कुठून? गोष्ट अमेरिकेतली आहे, १९३२ सालची. ओवेन्स-इलिनॉय नावाच्या काचेच्या कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या विटा एकमेकींना जोडायचा प्रयत्न करत होता. वितळलेल्या काचेवर हवेचा जोरदार झोत पडला आणि काचेचे बारीक धागे उडाले. हवं होतं ते झालं नाही, झालं ते कामाचं निघालं. त्याच्या वरिष्ठांनी, गेम्स स्लेटर यांनी, त्यातून उद्योग उभा केला आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. त्याच दशकात पॉलिएस्टर रेझिन आलं. धागे नुसते असतील तर ते कापड, रेझिन नुसतं असेल तर ठिसूळ वडी. दोन्ही एकत्र आले की ज्याला आपण 'फायबर' म्हणतो ते बनतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवरची टोपणं याची बनवली, कारण त्यातून रडारच्या लहरी आरपार जातात.

युद्ध संपलं आणि ही विद्या बोटींकडे आणि गाड्यांकडे वळली. १९५३ मध्ये शेवरोले कॉर्व्हेट आली. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. फायबरचं अंग घेऊन बाजारात आलेली मोठ्या कंपनीची ही पहिली नावाजलेली गाडी. इंग्लंडमध्ये टॅमवर्थ गावची रिलायंट कंपनी १९५६ पासून आपल्या तीनचाकी गाड्यांचं अख्खं अंग फायबरचं करायला लागली. हे रिलायंट नाव लक्षात ठेवा, त्याचा आपल्याशी संबंध येणार आहे.

लोक फायबरकडे का वळले? 'हलकं असतं, गंजत नाही' हे जाहिरातीतलं उत्तर. बरोबर आहे, पण अर्धं. खरं कारण पैशाचं होतं. पत्र्याचं एक बॉनेट बनवायचं तर आधी पोलादाचे साचे लागतात: एक ओढायला, एक कापायला, एक भोकं पाडायला, एक कडा मुडपायला. शिवाय ते दाबणारे अवाढव्य प्रेस. हा सगळा खर्च पहिली गाडी विकायच्या आधी करायचा. वर्षाला लाख गाड्या विकणार असाल तर तो पसरून जातो, पाचशे विकणार असाल तर बुडवतो. फायबरला एक साचा लागतो आणि तो साचाही फायबरचाच. प्रेस नको. मात्र एकेक पॅनल हातानं थर देऊन बनवायचं, वाळायची वाट बघायची, सोडवायचं, परत पहिल्यापासून. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगतो: पत्रा म्हणजे स्वतःचं डेटा सेंटर उभारणं, फायबर म्हणजे वापराल तेवढं बिल येणारा क्लाउड. छोट्याला दुसरंच परवडतं.

आणि आपल्या देशात छोट्याला काय परवडत होतं? १९५१ चा औद्योगिक विकास आणि नियमन कायदा आला. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमियर, कोलकात्याजवळ हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड, झाली यादी. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. आपल्या इचलकरंजी-जयसिंगपूरकडचे शंकरराव कुलकर्णी चाळीसच्या दशकापासून सत्तरच्या दशकापर्यंत 'मीरा' नावाची छोटी गाडी पुन्हा पुन्हा बनवत राहिले. कारखान्यातून ती कधी बाहेर पडलीच नाही, कारण कारखानाच झाला नाही. शंकररावांवर वेगळा भाग करायचाय, इथे एवढंच.

या फटीतून फायबर आत आलं. बंगळूरूच्या सनराइज ऑटोमोटिव्ह इंडस्ट्रीजनं, म्हणजे ज्यांना पुढे लोक सिपानी म्हणून ओळखायला लागले त्यांनी, सत्तरच्या दशकात 'बादल' नावाची तीनचाकी काढली. अंग फायबरचं. मग १९८२ मध्ये 'डॉल्फिन' आली. ही म्हणजे त्याच रिलायंट कंपनीची 'किटन' गाडी: दोन दारं, ८४८ सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन, खाली पोलादी चॅसी आणि वर फायबरचं कवच. १९८२ साल आपल्याला दुसऱ्या कारणानं पाठ असतं. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. डॉल्फिन वजनाला इतकी हलकी की रॅलीत आणि चेन्नईजवळच्या शोलावरमच्या शर्यतीत तिनं मोठ्यांना घाम फोडला. पण १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, पत्र्याची, चार दारांची, जपानी. आणि बाजारात डॉल्फिनला 'प्लास्टिकची गाडी' हे नाव चिकटलं. पुढे चार दारांची 'मोंटाना' काढून बघितली. व्हायचं ते झालंच.

आपल्या अंगणातली गोष्ट त्यानंतरची. १९९८ च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' आली. बंगळूरूच्या सॅन ग्रुपची, पण बांधणी गोव्यात. दोन सीट, छत उघडं, रेनोचं बाराशे सीसीच्या आसपासचं इंजिन आणि अंग फायबरचं. गोव्याचा नंबर लावलेली छोटी लाल स्पोर्ट्स कार, नव्वदच्या दशकातल्या पोरांच्या वहीच्या कव्हरवर शोभेल अशी. फार विकली गेली नाही. रस्ते तसे नव्हते, आणि दोन माणसांसाठी एवढे पैसे घालणारी घरंही मोजकी होती.

तर आज ज्याच्याकडे डॉल्फिन किंवा स्टॉर्म आहे, त्याचा प्रश्न काय? कंपनी नाही, शोरूम नाही, पार्ट नाहीत. पुढचा बंपर फुटला तर तो कुठल्याही साइटवर कार्टमध्ये टाकता येत नाही. पत्र्याची, फार थोडी बनलेली गाडी असती तर इथे खेळ खलास होता, कारण साचे भंगारात गेले की पॅनल संपलं. फायबरच्या गाडीचं तसं होत नाही. जी गोष्ट प्रेसशिवाय बनली, ती प्रेसशिवाय दुरुस्तही होते. कारखान्यात जे सामान होतं, तेच आजही नागपूरच्या दुकानात किलोवर मिळतं: मॅट, रेझिन, हार्डनर. मॅट बनवायला तर आपण जुने आहोत. फायबरग्लास पिल्किंग्टन ही कंपनी १९६२ ची, कारखाना ठाण्यात होता. आणि ज्या ओवेन्स-कॉर्निंगपासून गोष्ट सुरू झाली तिनंही पुढे तळोज्याला कारखाना काढला.

आता दुरुस्ती. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक गाड्या इथेच बिघडवल्या जातात.

सगळ्यात प्रचलित पद्धत म्हणजे चिरेवर लांबी भरणे. लांबी म्हणजे पुट्टी. भरली, घासली, रंग मारला, गाडी चकाचक. दोन-चार महिन्यांत रंगावर केसासारखी रेघ उमटते आणि बरोबर जुन्या चिरेच्या जागीच उमटते. लांबीत तंतू नसतात, त्यामुळे ताण घ्यायला तिच्यात काहीच नाही. नळाच्या गळतीला एम-सील ठीक, पण इथे तोच प्रकार करून उपयोग नाही. आमच्याकडे याला 'एरर दाबून टाकणे' म्हणतात. लॉगमध्ये दिसत नाही, प्रॉडक्शनमध्ये फुटतं.

खरं काम पॅनलच्या पाठीमागून सुरू होतं. आधी नाणं घ्यायचं आणि चिरेच्या आजूबाजूला टकटक करत जायचं. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो. जिथे थर एकमेकांपासून सुटलेत तिथे बद्द वाजतं. चीर वीतभर दिसत असली तरी बद्द आवाज हातभर लांब जाऊ शकतो. तेवढं सगळं काढावं लागतं. मन घट्ट करून.

मग ग्राइंडर. चिरेच्या कडा उभ्या ठेवायच्या नाहीत, तिरक्या उतरवायच्या, आणि तो उतार पॅनलच्या जाडीच्या बारा पटीपर्यंत न्यायचा. पॅनल तीन मिलिमीटर असेल तर दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन सेंटिमीटर. लोक इथेच घाबरतात. छोटी चीर घेऊन आलो आणि यानं केवढं मैदान केलं! पण कारण ऐका. कारखान्यात थरावर थर देतात तेव्हा खालचा थर अजून चिकट असतो, त्यामुळे दोघांची रासायनिक गाठ बसते. तीस-चाळीस वर्षं जुना थर केव्हाच पूर्ण पिकलेला असतो. त्याच्याशी नव्या रेझिनची तशी गाठ बसत नाही. उरते ती फक्त खरबरीत पृष्ठभागाची पकड. मग पकडीला जागा जितकी जास्त द्याल तितकं बरं. जुना रंग, मेण, तेल, सगळं अॅसिटोननं पुसून टाकायचं. हात लावायचा नाही, हाताचंही तेल लागतं.

मग मॅट. तीनशे किंवा साडेचारशे ग्रॅमची, म्हणजे एका चौरस मीटरचं तेवढं वजन. कात्रीनं सरळ कापण्यापेक्षा हातानं फाडलेली कड बरी, ती आजूबाजूत मिसळून जाते. रेझिनमध्ये हार्डनर शेकडा एक ते दोन टक्के. ब्रशनं थापायचं आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. बुडबुडा राहिला की तिथे उद्याची चीर. रेझिन जास्त ओतलं की ताकद वाढते हा गैरसमज. वजनानं मॅटच्या अडीच पटीपेक्षा जास्त गेलं की पॅनल ठिसूळ व्हायला लागतं. घाईत रंगही मारायचा नाही. रेझिन पुढचे काही दिवस आकसत राहतं. लगेच रंग दिला तर महिन्याभरात मॅटचे धागे रंगावर उमटतात, भिंतीवर ओल उमटावी तसे.

हे सगळं पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सोपं दिसतं. भामरागडच्या हवेत करायचं तर वेळापत्रकच बदलतं. पावसाळ्यात मॅट दमट होते. दमट मॅटवर रेझिन टाकलं की पांढरे डाग येतात आणि पकड कच्ची राहते. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की रस्ता बंद, म्हणजे कमी पडलेला हार्डनरही येणार नाही. मे महिन्यात उलटी तऱ्हा: पारा ४५ च्या आसपास गेला की डब्यातलं रेझिन ब्रश बुडवेपर्यंत गोठायला लागतं. तेव्हा पहाटे काम करायचं, पाव-पाव किलोच कालवायचं, हार्डनर एक टक्क्याच्या जवळ ठेवायचा. आणि जानेवारीच्या रात्री १५ अंशांखाली गेल्या की रेझिन पिकायला आढेवेढे घेतं. सोयीचे महिने म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च.

कारागीर कुठे शोधायचा? गॅरेजमध्ये शोधू नका. रिसॉर्टच्या गेटवर फायबरचा वाघ बघितलाय? चौकातले पुतळे, गणेश मंडळाची कायमची मूर्ती, लग्नाच्या हॉलची कमान, ट्रॅव्हल्स बसचा पुढचा गोल चेहरा? हे बनवणारी माणसंच हे काम करतात. विद्या तीच. फक्त त्यांना 'पातळ ठेवा, उतार लांब द्या' हे शेजारी उभं राहून सांगावं लागतं. वाघाला जाड थर चालतो, दाराला चालत नाही, बिजागरी ओघळते.

या माणसांबद्दल अजून एक गोष्ट, आणि ही मला टाळायची नाही. फायबर घासताना जी धूळ उडते ती काचेची असते. कातडीला खाज येते ती आंघोळीनं जाते, छातीत गेलेली तशी जात नाही. रेझिनचा तो गोडसर उग्र वास स्टायरीनचा. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं स्टायरीनला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि कोबाल्ट, म्हणजे ते जांभळं द्रव, हार्डनरमध्ये थेट कधीच मिसळायचं नाही. स्फोट होतो, आग लागते. आधी एक रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मगच दुसरं. बऱ्याच शेडमध्ये तोंडाला रुमाल आणि पायात स्लीपर एवढीच सुरक्षा असते. तुमच्या हौसेच्या गाडीचं काम दुसरा कुणी करत असेल, तर गॉगल आणि बरा मास्क तुमच्या खर्चानं द्या. गाडीच्या एकूण बिलात तो दिसणारही नाही.

जुनी फायबरची गाडी विकत घ्यायचा विचार असेल तर आधी गाडीखाली झोपा. अंग गंजत नाही हे खरं, पण ते ज्या पोलादी चॅसीवर बसलंय ती गंजते, आणि कवच शाबूत असल्यामुळे वरून काही कळत नाही. पत्र्याची गाडी सडली की आधी दाराखालून फोड येऊन सांगते तरी. ही सांगत नाही. चॅसीत स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. आत गेला, तर रंगाची चर्चा तिथेच थांबवा.

आणि पॅनल फुटलंच नाही, हरवलंच असेल तर? तेव्हा दुसरी तशीच गाडी शोधायची आणि मालकाला गोड बोलायचं. त्याच्या गाडीच्या पॅनलवर मेणाचे चार-पाच हात, त्यावर पीव्हीएचा पातळ थर, आणि वरून मॅट-रेझिन देऊन साचा उचलायचा. त्याच्या पॅनलला ओरखडाही येत नाही. त्या साच्यातून तुमचं पॅनल निघतं, हवी तर अजून पाच-दहा निघतात. मूळ कोड मिळाला नाही तर चालू प्रोग्रॅमकडे बघून लिहून काढतात, तसंच. म्हणून कुठेतरी एक जरी स्टॉर्म नीट उभी असली, तरी बाकीच्यांना आशा असते.

एक भानगड मात्र राहते. साचा सगळंच उचलतो. त्या गाडीच्या बॉनेटवर पंधरा वर्षांपूर्वी कुणी लांबी भरून थोडा फुगवटा ठेवला असेल, तर तो फुगवटा तुमच्या नव्या बॉनेटवरही येतो, आणि तुमच्यावरून जो साचा काढेल त्याच्याही. मग दोन गाड्या शेजारी लावून वाद घालत बसायचं की कारखान्यातून निघाली तेव्हा रेघ नेमकी कशी होती. तेव्हा साचा काढायच्या आधी डाव्या-उजव्या बाजूची मापं घ्या, जुने फोटो काढून ताडून बघा, आणि फुगवटा मूळ पॅनलवरच घासून घ्या. अर्थात मालकाला विचारून!

बरं, एवढंच. पुढच्या भागात शंकरराव कुलकर्णी आणि त्यांची मीरा. तुमच्या गावात फायबरचं अंग असलेली कुठलीही जुनी गाडी उभी असेल, जिप्सीचा टॉप असला तरी चालेल, तर फोटो पाठवा. मागच्या बाजूचा पण.